लॉगबुकातली चार दहाची नोंद

गुणाजीकाका मोकल आमचे शेजारी. पेणला गणपतीच्या कारखान्याला लागून त्यांचं घर आणि त्यांच्या पडवीला लागून आमचं. एकतीस वर्षं ते रोह्याला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण बोलणं अजून कंपनीचंच. बाहेर जाताना पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यात उभे राहतात आणि शिफ्ट सोडताना देतात तसा काकूला हँडओव्हर देतात.

"दूध तापवलेलं हाय. टाकी अर्धी हाय. मांजर बाहेर हाय. ओके?"

नूतनकाकूने ‘ओके’ म्हटल्याशिवाय त्यांचा पाय उंबऱ्यावरून उचलत नाही. एकदा तिने मुद्दाम म्हटलं नाही, तर रोह्याची एसटी गेली.

"अवो, मी गंमत केली," काकू म्हणाली.

"प्लांटवर गंमत नसते, नूतन," काका म्हणाले आणि पुढच्या एसटीपर्यंत उंबऱ्यातच बसून राहिले.

आता हे सगळं मी तुम्हाला तोंडी सांगत असते तर काकांच्या आवाजात सांगितलं असतं. ‘ओके’ म्हणताना त्यांचा खालचा ओठ जरा बाहेर येतो, तोही दाखवला असता. माझ्या कानात गेलेला आवाज तोंडातून बाहेर पडतोच. गणिताचे सर, एसटीचा कंडक्टर, कारखान्यात गणपतीला पॉलिश पेपर मारणारी विमलबाई, सगळे मला येतात. काकू तर झोपेतही येते. ती फोन उचलण्याआधी दोनदा खाकरते, "हं-हं", मग म्हणते, "बोला, मी नूतन बोलत्ये," आणि त्यातला शेवटचा ‘ये’ असा लांबवते की समोरच्याला वाटावं, ही अजून काहीतरी सांगणार आहे. इथे मात्र लिहायचं आहे, आणि तेच बरं आहे. का ते कळेलच.

काकूला साखर आहे. कुठल्याशा व्हिडिओत काकांनी पाहिलं की सफरचंदाचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, रोज चमचाभर घेतला की साखर ताब्यात राहते. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या. काका म्हणाले, गोळ्या घेऊच, पण प्लांट टाकायला काय हरकत हाय? काकूचा धाकटा भाऊ सुशीलमामा रोह्याच्या बाजारात फळांची गाडी लावतो. डागी सफरचंदं तो तसाही गुरांना घालायचा, ती काका पिशव्या भरभरून आणायला लागले. आधी रस काढायचा, तो आंबवायचा, म्हणजे सायडर होतं, आणि सायडर तसंच ठेवलं की पुढे त्याचा शिरका. शिरक्यापर्यंत काका आजतागायत पोचलेले नाहीत. पण विमलबाईने सगळ्या आळीत सांगितलं, "गुणाजीभाऊ घरात गाळतात."

"गाळत नाय, विमलबाय, आंबवतो. गाळायला भट्टी लागते."

"म्हंजे तीपण येनार हाय काय?"

पहिल्या खेपेला रस काढायलाच नाकी नऊ आले. मिक्सरमधून धूर आला. मग काकांनी सफरचंदं किसली, किस जुन्या धोतराच्या फडक्यात बांधला, फडकं परातीत ठेवलं, वर पाट ठेवला आणि पाट नि दाराच्या चौकटीचं वरचं लाकूड यांच्यामध्ये उभा वासा घालून गाडीचा जॅक लावला. दांडा फिरवत गेले. रस आला, मी साक्षीला होते, चांगला तांब्याभर आला. मग पाट मधोमध कडाडला, जॅक उडाला आणि फडकं फाटून सगळा किस काकांच्या बनियनवर. काकूने दारातून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ओके?"

दुसऱ्या खेपेला रस काचेच्या बरणीत, बरणीच्या तोंडाला कंपनीतला रबरी हातमोजा. आंबताना हवा सुटते, ती मोज्यात भरते, मोजा उभा राहिला की समजायचं काम चालू आहे. दोन दिवसांनी पडवीत पाच बोटं वर करून एक हात उभा. विमलबाई कारखान्याच्या कुंपणावरून म्हणाली, "कोन गो तो, कवाधरनं हात वर करून उभा हाय? त्याला बोलू दे की." तिसऱ्या दिवशी तो हात सुटून उडाला आणि काकूने सुपात निवडायला घेतलेल्या वालात येऊन पडला. वाल आणि मोजा दोन्ही धुऊन घेतले, पण बरणीत तोवर चिलटांचं संमेलन भरलं होतं.

काका दर वेळी लॉगबुक लिहायचे. लांबडी वही, उभ्या रेघा: वेळ, काय पाहिलं, कोणी पाहिलं, सही. मोज्याचीही नोंद आहे, ‘११:२०, हात उडाला. वालात सापडला.’ चुकीचं लिहिलं गेलं की मी रबर पुढे करायचे आणि ते ढकलून द्यायचे. "लॉगबुकात खोडरबर चालत नाय. चुकलं तर एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पायजे. बाजूला बरोबर लिहायचं आणि सही." एकतीस वर्षांत त्यांच्या शिफ्टला एकही अपघात झाला नाही, याचं कारण ते हेच सांगायचे. वहीत खोटं एक अक्षर नाय.

तिसऱ्या खेपेला काकूने स्वतःहून माळ्यावरून तिच्या आईची लोणच्याची बरणी काढून दिली. चिनी मातीची, वरून तपकिरी, खालून पांढरी, काखेत घेतली तर मूल घेतल्यासारखी वाटणारी. काकूची आई शेवटची सहा वर्षं सगळं विसरत गेली. आधी गॅस, मग नावं, मग काकूच. बरणी देताना काकू म्हणाली, "फोडलीत तर बघा." काका म्हणाले, "लेखी देऊ?"

बरणीला त्यांनी सुताराकडून लाकडी झाकण करून घेतलं, त्याला भोक, भोकात सलाईनची नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत. हवा बाहेर जाईल, चिलट आत येणार नाही. बुडूक... बुडूक... असा आवाज यायचा. पण झाकणाच्या फटीतून हवा निसटत होती. दुसऱ्या गावात माणसाने मेण लावलं असतं, नाहीतर कणीक. आम्ही पेणचे. काकांनी कुंपणावरून हाक मारली, विमलबाईने घमेल्यातून प्लॅस्टर दिलं, त्यात काथ्याही घालून दिला, गणपतीला घालतात तसा. "आता हत्ती बसला तरी हलायचं नाय," ती म्हणाली. काकांनी झाकण कडेकडेने असं लिंपलं की बरणी आणि झाकण एकच होऊन गेलं. शाडू लावला असता तर वेळेला तडकून वाट तरी दिली असती. प्लॅस्टर दगड झालं. आता आतल्या हवेला ती नळी सोडून दुसरं दार नव्हतं, आणि त्या फाटक्या फडक्याच्या जागी अजून नवीन फडकं आलं नव्हतं म्हणून रसात किसाचा चोथा राहिला होता.

काकांना ते माहीत होतं. म्हणूनच त्या मंगळवारी रोह्याला सफरचंदं आणायला जाताना उंबऱ्यातला हँडओव्हर लांबला. "नूतन, नळीवर लक्ष. बुडबुडे थांबले की समज चोथा अडकला. नळी ओढून काढायची, आत पाणी मारायचं, परत लावायची. मी चारला फोन करीन. ओके?"

"ओके," काकू म्हणाली.

दुपारी काकू जेवून पडवीतल्या खाटेवर आडवी झाली. मी पायरीवर बसून तिच्या मोबाइलवर रील बघत होते, कारण माझा मोबाइल परीक्षा होईपर्यंत आईच्या कपाटात होता. काकू घोरायला लागली. मी आवाज कमी केला. चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. पडद्यावर ‘हे’. काकूने काकांचं नाव तसंच टाकलं आहे.

मी काकूला उठवू शकत होते. मी ‘काका, मी वैष्णवी’ म्हणू शकत होते. पण त्या क्षणी मला जे सुचलं ते इतकं छान सुचलं की मी विचारच केला नाही. दोनदा खाकरले.

"हं-हं. बोला, मी नूतन बोलत्ये."

"नळी चालू हाय?"

"चालू हाय."

"बघून सांगत्येस का बसून?"

"अगो बाय, आता उभी राहून बोलू काय? चालू हाय म्हटलं ना."

"ऐकव. फोन बाटलीजवळ धर."

बरणी आत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. उठून वीस पावलं. मी पायरीवरून हललेच नाही. फोन तोंडाजवळ धरला, गाल फुगवले आणि केलं, बुडूक... बुडूक... मध्ये बरोबर तेवढा वेळ सोडून, तिसरा जरा बारीक.

 "व्वा," काका म्हणाले. "झोप तू आता."

फोन ठेवल्यावर मी तोंडावर ओढणी दाबून इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग फोन खाटेवर काकूच्या हाताशी ठेवला आणि घरी गेले.

सहाला जरा कमी असतील. आधी ‘धप्प’ झालं, मग कौलं खाली आल्याचा आवाज, मग काकूची किंकाळी. आम्ही धावलो. झाकण वर जाऊन कौल फोडून अडकलं होतं. बरणीचे दोन मोठे तुकडे आणि मोजता येणार नाहीत इतके लहान. सगळीकडे फेस, आंबटगोड वास, भिंतीवर चोथा. काकू चहाचं भांडं हातात धरून उभी होती आणि तिच्या पोटरीवरून रक्त येत होतं. दोन टाके पडले. कोपऱ्यात ती नळी पडली होती, तिच्यात बोटभर चोथा गच्च बसलेला. पाण्याच्या बाटलीला काहीच झालं नव्हतं.

काका साडेसातच्या एसटीने आले. आधी काकूचा पाय पाहिला, मग नळी उचलून उजेडात धरली.

"हा चोथा तासाभरातला नाय. दुपारपासूनचा हाय. चारला तर तू बुडबुडे ऐकवलेस."

"मी?" काकू म्हणाली. "मी कुठं ऐकवले? तुमचा फोनच नाय आला."

"नूतन, आपण बोललो. तू मला बडबडलीस पण."

"नाय वो! मी झोपले होते."

काका रागावले नाहीत. रागावले असते तर किती बरं झालं असतं. त्यांनी तिचाच मोबाइल उचलून तिच्यासमोर धरला. ‘हे’, चार दहा, एक मिनिट बेचाळीस सेकंद, घेतलेला कॉल. काकू त्या पडद्याकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि बरणीचा एक तुकडा हातात घेऊन हळूच म्हणाली, "आईचं पण असंच सुरू झालं होतं."

मी दारात होते. तोंड उघडलंही होतं. आई म्हणाली, "वैशू, झाडू आण," आणि मी झाडू आणायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी भिंतीवर कागद लावला. गॅस. नळ. गोळी सकाळची. गोळी रात्रीची. प्रत्येकासमोर चौकोन, काकूने केलं की बरोबरची खूण करायची. रोह्याच्या फेऱ्या त्यांनी बंद केल्या. सुशीलमामाने फोन केला, "दाजी, पिशवी भरून ठेवलीय," तर म्हणाले, "गुरांना घाल. प्लांट बंद केला." दिवसभर पडवीत बसायचे आणि काकूने आत भांडं जरी वाजवलं तरी विचारायचे, "काय गो, ओके?" पूर्वी त्या ‘ओके’ची मी नक्कल करायचे. आता ते ऐकलं की मी आत जाऊन बसायचे.

काकूचं बोलणं कमी झालं. वाक्य सुरू करून मध्येच थांबायची, हे आधी सांगितलंय का आपण, असं स्वतःला विचारल्यासारखी. फोन वाजला की उचलायचीच नाही. मी चार दिवस शाळेत कुणाचीच नक्कल केली नाही. मैत्रिणी म्हणाल्या घसा बसलाय का, मी हो म्हटलं.

मला काय वाटत होतं ते खरं सांगते. आधी वाटलं, दोन दिवसांत विसरतील. मग वाटलं, आता सांगितलं तर चार दिवस का नाही सांगितलं ते विचारतील. मग वाटलं, काका परत माझ्याकडे बघणार नाहीत. काकूचं काय होतंय हे या यादीत शेवटी यायचं, आणि ते शेवटी येतंय हे मला कळायचं.

शनिवारी काकूने मला आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाशी बोलावलं. हातात वालाचं सूप होतं, पण निवडत नव्हती.

"वैशू, सोमवारी पनवेलला नेतात मला. मेंदूच्या डॉक्टरकडे." मग इकडेतिकडे बघून म्हणाली, "तुझा कान चांगला हाय गो. मी एकच गोष्ट दोनदा बोलले ना, तर मला सांगशील? यांना नको सांगू. मला सांग. हे घाबरतात."

"तू नाही विसरलीस काकू."

"सगळे असंच बोलतात. मी पण आईला हेच बोलायचे."

 रविवारी सकाळी त्यांच्याकडे गेले. काका लॉगबुक घेऊन बसले होते. बरणी फुटली तरी त्यांनी वही बंद केली नव्हती, आता तिच्यात काकूच्या नोंदी होत्या. काकू चहा गाळत होती.

"काका, त्या दिवशी फोनवर मी होते."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुठल्या फोनवर?"

"चार दहाच्या. काकू झोपली होती. मी काकूच्या आवाजात बोलले."

काकांचा चेहरा एकदम मऊ झाला. "बाय गो," ते म्हणाले, "काकूवर जीव हाय तुझा, म्हायतेय मला. पण असं खोटं बोलून काय व्हनार? डॉक्टरला खरं ते कळलं पायजे."

"खरंच मी होते!"

"आणि बुडबुडे? ते पण तूच?"

"हो."

"वैशू, मी एकतीस वर्षं पंपाचा आवाज ऐकून बेअरिंग गेल्याचं सांगितलंय. बुडबुड्याला फसेन?"

काकू गाळणं हातात धरून बघत होती. तिच्या तोंडावर आशाही नव्हती, उलट माझी दया होती, आणि ती मला सोसवेना. मी दोघांकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर तो कागद होता. रविवारची सकाळची गोळी, खूण केलेली.

"हं-हं," मी म्हटलं. "बोला, मी नूतन बोलत्ये."

मागे गाळणं पडलं.

मी सगळं केलं. ‘चालू हाय’, ‘उभी राहून बोलू काय’, सगळं. शेवटी गाल फुगवले. ओठ कोरडे पडले होते म्हणून पहिला नीट आला नाही. बुडूक. दुसरा आला. बुडूक. तिसरा जरा बारीक. एरवी मला नक्कल जमली की अंगावर काटा येतो, मजेचा. त्या दिवशीही ती जमली होती, चांगली जमली होती, आणि मला माझं तोंड धुऊन टाकावंसं वाटत होतं.

मी वळले तेव्हा काका डोळे मिटून बसले होते.  काकू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, मारणार. मी डोळे मिटले.

"म्हंजे मी झोपलेच होते?"

"हो काकू."

"नक्की?"

"घोरत होतीस."

"घोरून दाखव."

"काकू..."

"दाखव म्हटलं ना."

मी दाखवलं. तिचा श्वास आत जाताना बारीक शिट्टी वाजते आणि बाहेर येताना ओठ फुर्र करतात. काकांनी डोळे न उघडताच मान हलवली, व्हय, हेच.  ती खाटेवर बसली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली, हसत होती की रडत होती ते माझ्या कानालाही कळलं नाही. मी तिच्याजवळ गेले तर तिने हात पुढे करून मला थांबवलं.

"आता नको. आता जा जरा लांब. पाच दिवस, वैशू. पाच दिवस मी आईच्या जागी होते."

काका उठले. वही उलटली, मंगळवारचं पान काढलं. ‘४:१०. बुडबुडे चालू. नूतनने ऐकवले.’ पट्टी घेतली आणि त्यावर एक रेघ मारली, एकच. बाजूला लिहिलं, ‘बुडबुडे पाहिले नाहीत. वैष्णवीने तोंडाने काढले.’ वही माझ्यापुढे सरकवली. "सही."

मी सही केली. त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली, ‘झाकण प्लॅस्टरने बंद केले. दुसरी वाट ठेवली नाही. गुणाजी मोकल,’ आणि तिथे स्वतःची सही केली. मग भिंतीवरचा कागद काढायला गेले, तर खाटेवरून काकू म्हणाली, "राहू दे तो. गोळ्यांना बरा पडतो."

पनवेलची वेळ फोन करून रद्द केली. तो फोन काकूने स्वतः केला, दोनदा खाकरून. मी माझ्या घरात होते, तरी ऐकू आलं.

महिनाभर काकू माझ्याशी कामापुरतंच बोलली. विमलबाई कुंपणावरून मला बघायची आणि पॉलिश पेपर जरा जोरात घासायची. मग संक्रांतीनंतर एक दिवस सुशीलमामाची पिशवी आली. नवीन बरणी काचेची, झाकणाला कणीक. काका रोह्याला गेले, हँडओव्हर काकूला. मी आमच्या पायरीवर अभ्यास करत होते. चारच्या सुमारास काकूचा फोन वाजला. तिने उचलला, दोन शब्द बोलली आणि कुंपणावरून फोन माझ्याकडे धरला.

"घे. तुला मागतात."

मी फोन घेतला. खाकरले नाही. "काका, मी वैष्णवी."

"नळी बघ. बसून नको."

मी उठले, कुंपण ओलांडलं, स्वयंपाकघरात जाऊन बाटलीसमोर उकिडवी बसले आणि घड्याळ लावून एक मिनिट बुडबुडे मोजले.

"अकरा."

"मिनिटाला?"

"मिनिटाला."

पलीकडे बाजाराचा गोंगाट येत होता.  काका म्हणाले, "परत मोज."

मी परत मोजायला लागले.